रविवारची सुटी आणि डोंगरातले कुंड

रविवारची सुटी आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून १८९० साली ती पदरात पाडून घेतली. त्या सुटीत कामगार बायकामुलांसह सह्याद्रीतल्या धबधब्यावर गेला, तर आम्हांला आनंदच आहे. परंतु ३० जून २०२४ रोजी, रविवारीच, लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. अशा वेळी दैवाला बोल लावून लोक गप्प बसतात. आमचे म्हणणे असे की, पाण्यालाही नियम आहेत आणि ते कोणालाही समजण्यासारखे आहेत.

कुंड होते कसे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून सह्याद्रीचा कातळ झाला. काही थर कठीण, काही ठिसूळ. कठीण थराच्या कडेवरून पडणारे पाणी खालचा ठिसूळ थर पोखरते. भोवऱ्यात सापडलेले गोटे जात्यासारखे फिरून खडकात खळगे कोरतात. पारनेर तालुक्यात निघोज येथे कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे असेच झाले.

धोका या घडणीतच आहे. काठ आतून पोखरलेला असतो. गुडघाभर पाण्यापुढे एका पावलावर पुरुषभर पाणी लागते. धबधब्याखालच्या फेसात हवा मिसळलेली असल्याने ते पाणी अंग नीट तोलून धरत नाही. तेथे पट्टीचा पोहणाराही खाली जातो. घाटातले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे. माथ्यावर सर कोसळली, की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहत आला, आवाज वाढला, की सामानाचा मोह सोडून तत्काळ उंच जागी जावे.

म्हणून ऐन पावसात धबधबा दुरूनच पाहावा. पोहण्याची हौस दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, गावकऱ्यांना विचारून भागवावी. दारू पिऊन उतरू नये. खोली पाहिल्याशिवाय सूर मारू नये. आम्ही आयुष्यात मनाईहुकूम पुष्कळ मोडले. धबधब्यावरचा मात्र कोणी मोडू नये. दोर आणि घट्ट झाकणाचा रिकामा डबा बरोबर असावा. कोणी बुडू लागल्यास एकामागून एक उड्या घेऊ नयेत. डबा बांधलेला दोर फेकावा आणि सर्वांनी मिळून ओढावा.

सोमवारच्या पहिल्या पाळीला सगळे सोबती हजर असले, म्हणजे रविवार सार्थकी लागला.