उसाच्या देशातला पाखरांचा बेणेमळा



लागण, खत, पाणी, हुमणी हे आपले नेहमीचे विषय. या वेळी मात्र आम्ही आपणास समुद्रापलीकडच्या एका बेटावर घेऊन जाणार आहोत. बेट अगदी लहान, अवघे २६ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने चौसष्ट एकर. पण या चौसष्ट एकरांतली झाडे, पाखरे आणि कासवे बघायला देशोदेशीची माणसे येतात, पैसे मोजतात आणि एक पानही न तोडता परत जातात.

या बेटाचे नाव इल ओ झेग्रेत. नाव फ्रेंच आहे, आपल्या भाषेत सांगायचे तर बगळ्यांचे बेट. हिंदी महासागरातल्या मॉरिशस देशाच्या आग्नेय किनाऱ्याला माहेबूर नावाचे गाव आहे. तिथून जवळच, किनाऱ्यापासून एक किलोमीटरही दूर नाही, असे हे बेट.

आता कोणी म्हणेल, ऊस उत्पादकांच्या अंकात पाखरांची गोष्ट कशाला? तर मंडळी, ही गोष्ट उसापासून सुरू होते आणि फिरून पाचटापाशी येते. म्हणून ती आपलीही आहे.

उसाने घडवलेला देश

मॉरिशसमध्ये ऊस प्रथम नेला डच लोकांनी, १६३९ साली. त्यांच्यामागून फ्रेंच आले आणि १८१० मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेले. उसाची शेती वाढली ती आधी गुलामांच्या जिवावर. १८३५ साली तिथली गुलामी कायद्याने बंद झाली. त्याच सुमारास, म्हणजे १८३४ पासून, हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली होती. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत पाच लाखांच्या घरात माणसे तिथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपल्या कोकणची माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आपली मराठी ओळख जपून आहेत, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या उसात आपल्या माणसांचा घाम जिरला आहे, हे विसरून चालणार नाही.

पण उसाला जमीन लागते. ती आली जंगल तोडून. मोलाचे लाकूड म्हणून आबनूस आधीच तोडला जात होता, पुढे उसासाठी रानेच्या राने साफ झाली. आज मूळचे चांगले जंगल त्या देशात शंभरात दोन हिस्सेही उरलेले नाही.

दुसरे संकट जहाजांतून उतरले. उंदीर, मांजरे, डुकरे, माकडे अशी जनावरे माणसाबरोबर आली. तिथल्या पाखरांना असे शत्रू ठाऊकच नव्हते. अंडी आणि पिले सहज फस्त होऊ लागली. मग १९०० च्या सुमारास उंदरांचा बंदोबस्त म्हणून हिंदुस्थानातून मुंगूस नेले. मुंगसाने उंदरांबरोबर पाखरेही खाल्ली. एक पीडा घालवायला दुसरी आणली की काय होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

डोडो हा पक्षी याच बेटावरचा. कबुतराच्या कुळातला, पण टर्कीपेक्षाही मोठा आणि उडता न येणारा. सतराव्या शतकातच तो संपला. १८६५ साली माहेबूरचे एक शिक्षक जॉर्ज क्लार्क यांना जवळच्या उसाच्या मळ्यातील दलदलीत त्याची पुष्कळ हाडे सापडली. डोडो म्हणून आता जगात उरली आहेत ती असली हाडेच. सारी साखर विकून पैसा ओतला तरी त्यातून एक जिवंत डोडो उभा राहणार नाही.

चौसष्ट एकर कसे वाचले

मॉरिशसचे मुख्य बेट ज्वालामुखीच्या खडकाचे आहे. इल ओ झेग्रेत मात्र पोवळ्यांच्या चुनखडीचे. खडक टोकदार, माती वीतभर, चहूबाजूंनी खारा वारा. अशा रानात ऊस कसला येणार? म्हणून किनाऱ्याकडचे कोरडे, ठेंगणे आबनुसाचे जंगल, जे मुख्य बेटावर जवळजवळ नाहीसे झाले, ते इथे थोडेफार टिकले. हा आबनूस आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतला.

टिकले म्हणजे सुखात होते असे नव्हे. सरपणासाठी तोड झाली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी फौजेने बेटावर तोफा बसवल्या. उंदीर आणि मांजरे होतीच. बाहेरून आलेली झाडे माजली, त्यांत आपल्या परिचयाची सुबाभूळही होती.

१९६५ साली या बेटाला राखीव निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला. पण नुसती पाटी लावून रान राखले जात नाही. खरे काम सुरू झाले १९८० नंतरच्या दशकात. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेने बेटाची जबाबदारी उचलली. तण म्हणून माजलेली झाडे हाताने, तुकड्यातुकड्याने काढली. बेटावरच रोपवाटिका करून तिथल्या मूळच्या झाडांची रोपे लावली. १९९१ मध्ये उंदरांचा नायनाट केला, मांजरेही काढली. चिचुंद्र्या घालवायचाही प्रयत्न झाला, तो मात्र पुरा साधला नाही.

बेणेमळ्याचीच रीत

आमच्या ऊस विकास विभागाच्या माणसाला हे सारे ऐकताना बेणेमळाच आठवतो. आपण काय करतो? आधी मूलभूत बेणे, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित. मळा वेगळा राखायचा, रोगट बेट दिसले की उपटायचे, भेसळ काढायची, आणि निरोगी बेणे गावोगाव द्यायचे. इल ओ झेग्रेतवर पाखरांसाठी नेमके हेच चालते.

गुलाबी कबुतराचेच बघा. मॉरिशसखेरीज हा पक्षी कुठेही नाही. १९९१ च्या सुमारास रानात अवघे दहाच्या आसपास उरले होते. पिंजऱ्यात वाढवलेली कबुतरे रानात सोडण्यात आली, १९९४ पासून या बेटावरही सोडली. त्यांच्या पायात रंगीत कड्या असतात, म्हणजे कोण कुठला ते कळते. दाणा ठेवला जातो, घरट्यांवर नजर असते. २०१८ पर्यंत ही संख्या चारशेच्या वर गेली. या कामात वेल्सचे शास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी आपले आयुष्य घातले. ते १९७९ मध्ये मॉरिशसला आले होते. २०१६ साली त्यांना वन्यजीव रक्षणासाठीचे इंडियानापोलिस पारितोषिक मिळाले.

कबुतरांमागून फोडी नावाचा लाल डोक्याचा लहान पक्षी आणि आपल्याकडच्या चष्मेवाल्याच्या नात्यातला एक पक्षीही बेटावर आणून वसवले. राउंड आयलंड या दुसऱ्या बेटावरून २००६ च्या सुमारास सापसुरळीची एक मोठी दुर्मिळ जात आणली.

सर्वांत मौजेची गोष्ट कासवांची. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवे खलाशांनी खाऊन संपवली. ती गेली आणि आबनुसाची फळे पसरवणारेच कोणी उरले नाही. फळ झाडाखालीच पडायचे. म्हणून २००० साली सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाच्या जातीची मोठाली कासवे इथे आणली. एकेक नर दोनशे किलोच्याही वर जातो. कासव फळ खाते, फिरत फिरत दुसरीकडे विष्ठा टाकते, आणि तिथे रोप उगवते. कासवाच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले उगवते, असेही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. फुकटची पेरणी आणि फुकटची बीजप्रक्रिया!

पाहुणे येतात, पण शिस्तीत

माहेबूरजवळच्या पॉइंट जेरोम येथून होडी सुटते आणि काही मिनिटांत बेटावर पोचते. लहान लहान गट, प्रत्येकाबरोबर माहीतगार वाटाड्या. ठरलेल्या पायवाटेनेच चालायचे, सारी फेरी दीड-दोन तासांची. वाटेत कासव आडवे आले तर माणसाने थांबायचे, कासवाने नव्हे. पाहुण्यांकडून मिळणारा पैसा त्याच बेटाच्या राखणीला लागतो. मुक्कामाची हॉटेले नाहीत, गोंगाट नाही. जे बघायला माणसे येतात तेच तुडवले गेले तर उद्या येणार कोण, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशाच्या सीमा बंद झाल्या आणि परदेशी पाहुणा थांबला. पाखरांचा दाणा आणि बेटाची राखण मात्र थांबवता येत नाही. एकाच उत्पन्नावर सारा संसार ठेवला की काय होते, हे उसाच्या पैशावर घर चालवणाऱ्याला चांगले ठाऊक आहे.

तेल आले आणि पाचट कामाला आले

त्याच वर्षी दुसरा घाला पडला. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज याच किनाऱ्यासमोरच्या पोवळ्यांच्या खडकावर चढले. ६ ऑगस्टला त्याच्या टाकीतून तेल गळू लागले. सुमारे एक हजार टन काळे तेल समुद्रात गेले आणि इल ओ झेग्रेतच्या काठाला लागले. रोपवाटिकेतली हजारो रोपे आणि काही दुर्मिळ पाखरे घाईघाईने मुख्य बेटावर हलवावी लागली. तीस-पस्तीस वर्षांची मेहनत पणाला लागली.

तेल अडवायचे कशाने? माहेबूरच्या किनाऱ्यावर हजारो माणसे जमली. शेतातून पाचट आणले, कापडाच्या लांब लांब पिशव्यांत ठासून भरले, तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि असे लांबच लांब लोड पाण्यात सोडले. वाळलेले पाचट हलके, तेल धरून ठेवणारे. बायका शिवत होत्या, पोरे पाचट कोंबत होती, कोळी होड्यांतून ते ओढून नेत होते. कोणाच्या हुकमाची वाट न बघता हे सगळे उभे राहिले. सारे तेल त्याने अडले असे नाही. नुकसान व्हायचे ते झालेच. पण पुष्कळ तेल पाचटाने धरले, आणि बेटावरचे जंगल आणि पाखरे त्यातून तगली.

ज्या उसाने त्या देशाचे रान खाल्ले, त्याच उसाचे पाचट रानाच्या शेवटच्या तुकड्यासाठी धावून आले. दोष उसाचा नव्हताच. ऊस कुठे लावायचा, कुठे थांबायचे आणि त्याचे काय जपायचे, हे माणसानेच ठरवायचे असते.

आपल्यासाठी दोन शब्द

आपल्या कार्यक्षेत्रात समुद्र नाही, आबनूस नाही, महाकाय कासवेही नाहीत. पण ओढ्याकाठची करंज, बांधावरचा एखादा उंबर, देवराईचा राहिलेला तुकडा, हे आपले चौसष्ट एकरच म्हणायचे. सुगरणीचा खोपा, साळुंकीचे घरटे, हुमणीचे भुंगे आणि अळ्या टिपणारी पाखरे तिथूनच येतात. आणखी दोन सऱ्या वाढवण्यासाठी हे झाड पाडले तर त्या दोन सऱ्यांचे टनेज मिळेल, पण झाड परत मिळायला एक पिढी जाईल.

आणि पाचट? तोडणी झाली की आजही काही फडांत काडी ओढली जाते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते जाळले तर राख वाऱ्यावर जाते आणि बांधावरचे झाडही होरपळते. सरीत पसरून कुजवले तर खोडव्याला ओल राहते, तण दबते आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळते. येत्या हंगामात खोडवा ठेवणाऱ्या सभासदांनी निदान एका फडात हे करून बघावे. पाचट व्यवस्थापनाची माहिती आपल्या गटाच्या ऊस विकास कार्यालयात मिळेल.

समुद्रापलीकडच्या लोकांनी पाचटाने बेट राखले. आपल्याला त्याने जमीन राखायची आहे. काडी खिशात राहू द्या, एवढीच विनंती.