हुकमाचा ताबेदार

मराठी शिकविणाऱ्याने यंत्रांच्या भानगडीत कशाला पडावे, असे वाचक म्हणतील. पण मला त्यात ओढले ते एका शब्दाने. ‘सर्व्हो’ हा शब्द ‘दास’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. जहाजाचे सुकाणू वाफेने फिरविणाऱ्या यंत्राविषयी फार्को या फ्रेंच इंजिनियराने १८७३ साली पुस्तक लिहिले आणि त्यात हे नाव रूढ केले.

हा दास कसा असावा? हुकूम सुटताच हलणारा आणि सांगितल्या जागी नेमका थांबणारा. पण हे दोन गुण एकत्र नांदणे कठीण! घाई केली की तो पुढे जातो, मग मागे येतो, झोके खात राहतो. फार जपून चालला की वेळ टळते.

मुरुडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाताना मी तांडेलाचा हात न्याहाळला. होडीचे नाक दरवाजाकडे लागण्याआधीच तो सुकाणू उलट दाबी. वळणारी होडी एकदम थांबत नाही, हे त्याला ठाऊक! पाण्याची ओढ एका अंगाला रेटू लागली, की सुकाणू जरा कललेलेच धरी. नाही तर पायऱ्यांऐवजी तटाशीच गाठ.

मिनोर्स्की या शास्त्रज्ञाने १९२२ साली सुकाणूवाल्यांचे हेच कसब गणितात मांडले. चूक किती, ती किती काळ साचली आणि किती वेगाने बदलते आहे, हे तीन प्रश्न! आज कारखान्यांतील असंख्य यंत्रे हेच तीन प्रश्न विचारीत चालतात. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्याही असेच ताबेदार आकाशात नेमक्या जागी रोखून धरतात.

यांतला तिसरा प्रश्न मला मोलाचा वाटतो. चूक सरत आली, की हात आधीच आवरता घ्यावा लागतो.