गुडघ्यातलं वंगण संपत नाही



महिला मंडळाच्या बैठकीत निम्म्या बायका भिंतीला टेकून, पाय लांब करून बसतात. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "गुडघ्यातलं वंगण संपलंय, सिस्टर."

वंगण संपत नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, ती झिजते. वय, वजन, जुना मार ही कारणं आहेतच. पण चार घरची फरशी उकिडवं बसून पुसणं, पाण्याचे हंडे वाहणं, हेही कारणच आहे. झिजलेली कूर्चा परत येत नाही. मांडीचा स्नायू मात्र कोणत्याही वयात बळकट होतो, आणि गुडघ्याचा भार तोच पेलतो. दुखतं म्हणून हलणं सोडलं की तो सुकतो आणि दुखणं आणखी वाढतं.

म्हणून हे करा. पाय सरळ ठेवून झोपा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने ती खाली दाबा, दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. चार दिवसांत फरक पडत नाही, दीड-दोन महिने लागतात. वजन जास्त असेल तर एक किलो घटलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो.

आता गोळ्यांचं. आमच्या वस्तीतल्या एक मावशी दोन वर्षं मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून रोज घेत होत्या. काळी शौच झाली तेव्हा कळलं, पोटात रक्तस्राव होतोय. बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर या गोळ्या मनाने घेऊच नका. आधी दुखण्यावर लावायचं मलम वापरून बघा. आणि 'ताकदीची सुई' घेण्याआधी औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. त्यात स्टिरॉइड असेल तर शुगर वाढते.

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. पोटरीत रक्ताची गाठ असू शकते. तिथे चोळायचं नाही.

सांधा बदलायचा सल्ला मिळाला तर कृत्रिम सांध्याचं बिल वेगळं मागा. 2017 मध्ये केंद्र सरकारने त्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे.

आणि कामावर लांब दांड्याचा मॉप मागा. आमच्या इथे एकेकीने मागितला तेव्हा मालकिणी नाही म्हणाल्या. एकाच सोसायटीतल्या पाचजणी मिळून गेल्या, तेव्हा आठवड्यात आला.