ब्रेक ऑइलचीही मुदत असते

इंजिन ऑइल आपण वर्षाने किंवा दहा हजार किलोमीटरला आठवणीने बदलतो. ब्रेक ऑइल मात्र विसरतो. ते हवेतली ओल शोषतं आणि मीरा-भाईंदरला खाडी-समुद्राची दमट हवा आहे. गाडी नुसती उभी असली तरी ओल शिरतेच. 'डॉट ३' प्रतीचं नवं ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर हीच मर्यादा १४०पर्यंत उतरू शकते. मग घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला, की तापलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होऊ शकतात. पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो, चाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून गाडी कितीही कमी चालो, साधारण दर दोन वर्षांनी, गाडीची पुस्तिका पाहून, ब्रेक ऑइल बदलून घ्या.