रणगाड्यावरची माती कुठली?

9 ऑगस्ट 1969 रोजी सिंगापूरच्या पाडांग मैदानावरून राष्ट्रदिनाच्या संचलनात एएमएक्स-13 रणगाडे गेले, तेव्हा शेजारच्या मलेशियाकडे एकही रणगाडा नव्हता. इस्रायलकडून घेतलेल्या, मूळ फ्रेंच बनावटीच्या 72 जुन्या रणगाड्यांपैकी हे काही. संचलनाला निघालेली गाडी धुतलेली, रंगवलेली असते. लष्करी वाहनांची मॉडेलं करणाऱ्यांना मात्र सरावाहून परतलेली गाडी हवी असते: चिखलाने भरलेली, उन्हाने विटलेली, तेलाचे ओघळ आलेली.

ही मॉडेलं बहुधा 1/35 प्रमाणातली. त्याचं कारण मजेशीर आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत म्हणून जो आकार निघाला, तोच पुढे जगभर रूढ झाला. या हिशेबाने एएमएक्सचा 4.88 मीटर लांबीचा सांगाडा 14 सेंटिमीटरचा होतो. एवढ्याशा प्लास्टिकवर खरी सावली पुरेशी पडत नाही. ती रंगाने घालावी लागते, आणि त्यासाठीच फिल्टर आणि वॉश.

दोन्ही म्हणजे पातळ केलेला रंगच, पण कामं वेगळी. फिल्टर ताकाच्या निवळीइतका पातळ. त्यात रंग नावाला आणि बाकी सगळं थिनर. ब्रश जवळजवळ कोरडा करून तो सगळ्या अंगावर फिरवायचा. हिरव्यावर पिवळसर फिल्टर दिला की ऊन लागल्यासारखं वाटतं, निळसर दिला तर गाडी थंड दिसते. वॉश त्यापेक्षा दाट आणि गडद. तो अंगभर लावायचा नाही. रिव्हेटच्या मुळाशी किंवा पत्र्याच्या सांध्यात ब्रशचं टोक टेकवलं की केशाकर्षणाने तो आपोआप पळतो. त्यासाठी खालचा थर चकचकीत वॉर्निशचा हवा. मॅटवर वॉश पसरतो आणि डाग धरतो. फिल्टरला उलट मॅट किंवा अर्धमॅट पृष्ठभाग मानवतो, चकचकीतवर त्याचे थेंब साचतात. खालचा रंग ॲक्रिलिक आणि वरचा एनॅमल किंवा तैलरंग, कारण व्हाइट स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकला विरघळवत नाही. चुकलं तर पुसता येतं. हिरव्या गाडीला काळा वॉश देऊ नये, ती व्यंगचित्रासारखी दिसते. बर्न्ट अंबरसारखा गडद तपकिरी बरा.

हे तंत्र वाढलं ते युरोपात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हेर्लिंडेन यांनी वॉश लोकप्रिय केला, फिल्टरचा प्रसार पुढे स्पेनच्या मिग हिमेनेझ यांनी केला. त्यामुळे तयार बाटल्यांवरची नावंही बहुतेक युरोपातल्या चिखलाची आणि बर्फाची. मला खटकतं ते इथेच. सिंगापूरची माती कोकणातल्या जांभ्याच्या जवळची, तांबूस आणि चिकट. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे धूळ फार काळ धूळ राहत नाही. ती ओली होते, खाली ओघळते आणि कडेला रेघ सोडून वाळते. सिंगापुरी गाडीला कोरड्या धुळीचा एकसारखा फिल्टर देण्यापेक्षा उभे तांबडे ओघळ आणि पट्ट्यांच्या सांध्यांत ओला, गडद वॉश द्यावा.

तेलाच्या डागांनाही इतिहास असतो. मूळ एएमएक्स पेट्रोलवर चालायचा. ऐंशीच्या दशकाअखेर त्याचं एसएम-1 असं नूतनीकरण झालं आणि डिझेल इंजिन आलं. सांडलेलं पेट्रोल उडून जातं, डिझेलचा तेलकट डाग मात्र टाकीच्या झाकणाभोवती राहतो. जुन्या एएमएक्सवर असा डाग रंगवणारा गाडीचं साल चुकवतो.

मग प्रश्न येतो परदेशी सरावाचा. जागा अपुरी म्हणून सिंगापूरचं लष्कर बाहेर जातं: ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या शोलवॉटर बेला, जर्मनीत, आणि भारतातही. चिलखती दलांचा ‘बोल्ड कुरुक्षेत्र’ हा संयुक्त सराव झाशीजवळच्या बबीनाला होत आला, मार्च 2023 मध्ये तो जोधपूरला झाला. तोफखान्याचा ‘अग्नि वॉरियर’ तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत. बायोनिक्स हे सिंगापूरनेच बनवलेलं चिलखती वाहन करताना म्हणून आधी ठरवावं लागतं, ते कुठे उभं आहे. तांबड्या चिखलावर ऑस्ट्रेलियाची धूळ चढवणं आकर्षक दिसतं, पण चूक आहे. परकी बियाणं आणि कीड येऊ नये म्हणून ऑस्ट्रेलियात मातीचा कण नसलेलं यंत्रच शिरू देतात. गाडी तिथे धुऊन पोचते.

खऱ्या वाहनांचे संदर्भ पाहायचे तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहेच. 1942 मध्ये मलायातून सिंगापूरवर आलेल्या जपानी हा-गो जातीचा रणगाडाही तिथे पाहायला मिळतो. मात्र उघड्यावर ठेवलेल्या वाहनांना पुन्हा पुन्हा रंग देतात, तेव्हा तिथून आकार घ्यावा, रंग नव्हे.

सिंगापुरात एक अडचण अटळ: दमट हवा. लॅकर वॉर्निश फवारलं की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि सगळं पांढुरकं पडतं. वातानुकूलित खोलीत हवा कोरडी असते, तिथे फवारावं. तरीही पांढरेपणा आलाच, तर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घातलेला थिनर अगदी हलका फवारला की बहुतेक वेळा तो निघून जातो.