निकामी इंजिनातून जुन्या क्लचची दुरुस्ती

एखादे यंत्र ज्या कारखान्यातून बाहेर पडले तो कारखानाच बंद झाला, तर त्या यंत्राचे सुटे भाग मागावयाचे कोणाकडे? म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याच्या मोटारसायकली ज्यांनी आजवर सांभाळल्या आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. या कारखान्यात १९६१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या मूळ बनावटीची जावा गाडी तयार होऊ लागली. १९७३ पासून तिचीच परंपरा 'येझदी' या नावाने पुढे चालली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव बाजारात पुन्हा आले खरे. परंतु या नव्या गाड्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक असल्यामुळे त्याचे भाग जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला उपयोगी पडत नाहीत. साहजिकच दुरुस्ती करणाऱ्यास त्याच जातीच्या दुसऱ्या निकामी इंजिनाकडे वळावे लागते. क्लचच्या बाबतीत हा प्रसंग फार येतो.

क्लचचे कार्य समजावयास कठीण नाही. इंजिनाची शक्ती चेनमार्फत एका गोल हाउसिंगपर्यंत येते. या हाउसिंगच्या खाचांत घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटांचे कान अडकलेले असतात. दोन अस्तरी प्लेटांच्या मध्ये एकेक साधी पोलादी प्लेट असते आणि तिचे आतील दाते मधल्या हबला धरून असतात. स्प्रिंगांच्या दाबाने ही सारी चळत घट्ट आवळलेली असते. म्हणून हाउसिंग फिरले की हबही फिरतो व शक्ती गिअरकडे जाते. हँडलवरील लिव्हर ओढली की स्प्रिंगा दबतात, प्लेटा एकमेकींपासून सुटतात आणि इंजिन व चाक यांचा संबंध तुटतो. जावाची विशेष सोय अशी, की पायाचा गिअर लिव्हर दाबतानाही क्लच आपोआप सुटतो.

क्लचचे दुखणे मुख्यतः दोन प्रकारचे असते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरतो आहे असे समजावे. उलट, लिव्हर पूर्ण ओढूनही गाडी पुढे सरकू पाहते, गिअर करकरतात, न्यूट्रल सापडत नाही, तेव्हा क्लच पुरता सुटत नाही. हे दोन्ही दोष केवळ गैरसोयीचे नव्हेत. भरलेल्या चौकात क्लच सुटला नाही, तर स्वाराचे आणि समोरून रस्ता ओलांडणाऱ्याचेही प्राण धोक्यात येतात.

तथापि इंजिन उघडण्याची घाई करू नये. केबल फार ताणलेली असेल तर चांगला क्लचही घसरतो. म्हणून लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर ढील आहे की नाही, हे आधी पाहावे. या गाडीत क्लच व गिअर एकाच तेलात फिरतात. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारीचे तेल तेथे घातल्यास प्लेटा घसरू लागतात. तेल बदलताच दोष नाहीसा झाला, तर भाग बदलण्याचे प्रयोजनच उरत नाही.

इंजिन उघडावेच लागले, तर प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने स्वच्छ कापडावर मांडावा. काही नट उलट्या आट्यांचे असतात. त्यांची दिशा माहितीपुस्तकातून समजून घेतल्याखेरीज जोर लावू नये. क्रँकवरील चेनचक्र काढण्यास पुलर वापरावा, हातोडा नव्हे.

आता निकामी इंजिनातून घ्यावयाचे काय? 'बसतो तो भाग चालतो' अशी समजूत प्रचलित आहे, पण ती फसवी आहे. बसणे ही मापाची गोष्ट, चालणे ही झिजेची. कालांतराने या गाड्यांच्या बनावटीत फरकही होत गेले. म्हणून जुना आणि आणलेला भाग शेजारी ठेवून दाते, व्यास व जाडी व्हर्नियरने ताडून पाहावी.

पोलादी प्लेट काचेच्या सपाट तावदानावर ठेवावी. तिच्याखाली फीलर गेजचे पाते शिरत असेल, तर ती वाकली आहे. निळसर झालेली प्लेट कधीतरी अति तापलेली असते. तिचा मोह टाळावा. हाउसिंगच्या खाचांच्या कडांना प्लेटांच्या कानांनी खड्डे पाडले असतील, तर त्यांत प्लेटा अडकतात व क्लच सुटत नाही. उथळ खड्डे कानशीने सपाट होतात; खोल असल्यास हाउसिंग बदलणेच बरे. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजावी आणि संच संपूर्ण बदलावा. दोन जुन्या व तीन परक्या स्प्रिंगा एकत्र आल्या, तर दाब वाकडा पडतो.

सर्वांत अधिक चूक होते ती चेनच्या बाबतीत. चेन, क्रँकवरील चक्र आणि हाउसिंगवरील दाते ही एकमेकांच्या संगतीने झिजलेली असतात. त्यांतील एकच भाग बदलला, तर झिजलेला सोबती नव्यालाही लवकर झिजवतो. निकामी इंजिनातील हे त्रिकूट सुस्थितीत असेल, तर ते एकत्रच घ्यावे. अस्तरी प्लेटा मात्र शक्यतो नव्या घ्याव्यात व बसवण्यापूर्वी रात्रभर तेलात भिजवाव्यात. जोडणी झाल्यावर लिव्हर ओढून प्रेशर प्लेट सर्व बाजूंनी सारखी उचलली जाते की नाही, हे पाहूनच झाकण लावावे. पहिली चाचणी मोकळ्या रस्त्यावर घ्यावी.

एक विवेक मात्र राखला पाहिजे. क्लचसाठी चालती गाडी मोडणे म्हणजे एक यंत्र वाचवण्यासाठी दुसऱ्याचा बळी देणे होय. खरोखर निकामी झालेले इंजिनच त्यासाठी निवडावे आणि त्यातील उरलेले चांगले भाग तेल लावून, नावाच्या चिठ्ठ्या बांधून जपून ठेवावेत. जे भाग आता घडवले जात नाहीत, त्यांतील प्रत्येक चांगला भाग आणखी एखाद्या गाडीला रस्त्यावर आणू शकतो.