उभ्या डोंगराचा मळा

कोब्लेन्त्सहून त्रीअरकडे निघालेली रेल्वे कोखेम सोडल्यावर डोंगरात शिरते आणि चार किलोमीटरहून जास्त अंतर अंधारात कापून एलर गावाशी उजेडात येते. हा बोगदा १८७९ साली खुला झाला. पुढची शंभरांहून अधिक वर्षं जर्मनीतला सर्वांत लांब रेल्वे-बोगदा तोच होता. बर्लिनहून मेट्झपर्यंत सैन्य नेता यावं म्हणून आखलेल्या मार्गाचा तो भाग. मोझेल नदी इथे एवढी वळणं घेते की काठाकाठाने जायचं तर वीसेक किलोमीटरचा फेरा पडतो. तो टाळण्यासाठी डोंगरच पोखरला. बोगद्यातून बाहेर पडताच कालमोंटचा कडा दिसतो. त्या कड्यावर द्राक्षवेली आहेत.

संपादकांना जर्मनीतल्या एखाद्या वाइनगावाचा परिचय हवा होता. ऱ्हाईनकाठची नावाजलेली गावं बाजूला ठेवून मी ब्रेम निवडलं, ते या कड्यामुळे. ब्रेम आणि एडिगर-एलर यांच्या मधला कालमोंट हा युरोपातला सर्वांत उभा द्राक्षमळा मानला जातो. काही ठिकाणी त्याचा चढ ६५ अंशांच्या आसपास जातो. जर्मनीत तीस टक्के चढाच्या, म्हणजे सुमारे सतरा अंशांच्या पुढच्या मळ्याला ‘तीव्र उताराचा’ म्हणतात. त्या हिशेबाने कालमोंट कुठे बसतो याची कल्पना यावी. इथे पाय घसरला तर माणूस खालच्या पट्टीत पडतो, आणि खालच्या पट्टीतून पुढे नदीच्या दिशेने.

इतक्या अडचणीच्या जागी वेली लावल्या त्या हौसेने नव्हे. ब्रेम पन्नास अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. द्राक्ष पिकण्याच्या दृष्टीने ही जवळजवळ सीमेवरची जागा. रीसलिंग ही इथली मुख्य जात, आणि ती उशिरा पिकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्य क्षितिजाकडे झुकतो, तेव्हा सपाट जमिनीवर त्याची किरणं तिरकी पडून वाया जातात. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या उतारावर मात्र ती थेट आदळतात. शिवाय जमीन पाटीच्या दगडाची. ज्या पाटीवर आपण मुळाक्षरं गिरवली तोच हा काळसर, पापुद्रे सुटणारा दगड, सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या गाळाचा. दिवसभर तो तापतो आणि सूर्य मावळल्यावर ऊब सोडत राहतो. खाली नदी असल्याने थंडीचा कडाका थोडा बोथट होतो. या तिन्ही गोष्टी जुळल्या की घडात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. मोझेलच्या रीसलिंगची चव म्हणजे या दोहोंचा समतोल.

मोझेलकाठच्या मळ्यांची नोंद जुनी आहे. रोमन कवी औसोनियुसने चौथ्या शतकात या नदीवर दीर्घकाव्य रचलं, त्यात काठावरच्या द्राक्षमळ्यांचं वर्णन आहे. नदीच्या वरच्या अंगाला पीसपोर्ट गावात रोमन काळातलं द्राक्ष गाळण्याचं मोठं आवार १९८५ साली उजेडात आलं. ब्रेमसमोर नदीने वळसा घातलेल्या जिभेवर श्टुबेन मठाचे भग्नावशेष उभे आहेत. हा जोगिणींचा मठ बाराव्या शतकातला. चौथ्या धर्मयुद्धात कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं, तेव्हा हाइनरिख फॉन उल्मेन या सरदाराने तिथून पवित्र क्रूसाचा अवशेष असलेली सोन्याची रत्नजडित पेटी आणली आणि १२०८ मध्ये या मठाला दिली. आज ती लिम्बुर्गमध्ये आहे. मठाच्या उरल्यासुरल्या भिंती इथे, आणि समोरच्या उतारावर वेली.

१७८७ साली त्रीअरच्या धर्माधिपती शासकाने हलक्या जाती काढून चांगल्या लावाव्यात असा हुकूम काढला आणि मोझेलवर रीसलिंगचं पारडं जड झालं. मग फ्रेंच आले, चर्चचे मळे लिलावात निघाले. वारसांत जमीन सारखी वाटण्याच्या रीतीमुळे एकेका कुटुंबाकडे डोंगरभर विखुरलेले तुकडे आले. १८१५ नंतर प्रशियाचं राज्य आलं. सुरुवातीला प्रशियाची बाजारपेठ मोझेलच्या वाइनला जणू राखून होती. १८३४ च्या जकातसंघाने दक्षिणेकडच्या वाइनला दारं उघडली आणि इथले भाव कोसळले. कर मात्र तसेच राहिले. पुष्कळ कुटुंबं अमेरिकेला, ब्राझीलला निघून गेली.

या दैन्याबद्दल १८४३ च्या जानेवारीत कोलोनच्या ‘ऱ्हाईनिशे त्साइटुंग’मध्ये त्रीअरच्या एका तरुण संपादकाने लेख लिहिले. त्याच्या वडिलांच्या मालकीचे मळेही याच भागात होते. तो कार्ल मार्क्स. सोळा वर्षांनी त्याने स्वतःच लिहून ठेवलं की मोझेलच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नाने त्याला अर्थकारणाकडे वळवलं. वाइनच्या भावाने विचारांच्या इतिहासाला धक्का दिल्याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. मार्क्सचा अभ्यास करणाऱ्यांनी एकदा तरी हा डोंगर पाहावा.

पुढेही हा प्रदेश गप्प बसला नाही. २५ फेब्रुवारी १९२६ रोजी बेर्नकास्टेलमध्ये जमलेल्या द्राक्ष उत्पादकांनी कर कार्यालयात घुसून दप्तरं रस्त्यावर फेकली आणि जाळली. काही आठवड्यांतच वाइनवरचा कर रद्द झाला. १९३३ नंतर इथल्या वाइनव्यापारातली ज्यू कुटुंबं हुसकावली गेली, आणि त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहारही संपले. १९६४ साली जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग यांनी मिळून मोझेलला बांध आणि जलपाशांनी मोठ्या बोटींजोगी केली. ब्रेमच्या जवळच सांक्ट आल्डेगुंडला त्यातला एक बांध आहे. अशा बांधांमुळेच गावापुढचं पाणी आज तळ्यासारखं संथ दिसतं. पूर मात्र थांबले नाहीत. डिसेंबर १९९३ आणि जानेवारी १९९५ च्या पुरांच्या खुणा या खोऱ्यातल्या घरांच्या भिंतींवर कोरलेल्या आहेत.

पण मला खिळवून ठेवलं ते एका रुळाने.

२००१ साली कालमोंटच्या अंगावरून चालायची वाट खुली झाली. ती लोखंडी शिड्या चढत आणि कड्यात ठोकलेले तारदोर धरत, मळ्यांच्या मधून जाते. एलरकडून ब्रेमकडे जाताना हा रूळ दिसतो: जाड चौकोनी पोलादी नळी, खडकात रोवलेल्या आखूड खांबांवर हात-दीड हात उंचीवर टेकवलेली, सरळ उभ्या चढाने वर गेलेली. नळीच्या खालच्या अंगाला दाते आहेत. रुळावर एक लहानसं पेट्रोलचं इंजिन बसतं, मागे माणूस बसण्यापुरती जागा आणि पुढे सामानाची गाडी. इंजिनाचं दातेरी चाक रुळाच्या दात्यांत अडकून एकेक दाता पकडत वर सरकतं. वेग माणसाच्या चालण्याहून कमी. त्याला घाई करता येत नाही आणि ते घसरतही नाही. उतरताना इंजिन स्वतःच ओढ धरून ठेवतं, आणि वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर आपोआप ब्रेक लागतो. याला इथे मोनोरॅक म्हणतात. मूळ कल्पना जपानची. तिथल्या डोंगरउतारांवरच्या संत्र्यांच्या बागांसाठी ती निघाली, आणि मोझेलवाल्यांना वाटलं, आपला चढही तसाच आहे.

हा रूळ येण्याआधी सगळं पाठीवर होतं. तोडलेली द्राक्षं पाठीवरच्या होट्टेत, म्हणजे खांद्याला पट्टे लावलेल्या उंच पिंपात भरून खाली यायची. शेणखत पाठीवरून वर जायचं. पावसाने वाहून खाली आलेली माती आणि पाटीदगड पुन्हा पाठीवरून वर जायचे, दर हिवाळ्यात. डोंगर माती खाली पाठवत होता आणि माणसं ती वर नेत होती, शतकानुशतकं. रुळाने हे ओझं उतरवलं. आज कालमोंटवर ज्या वेली तगून आहेत, त्यांतल्या पुष्कळ या यंत्राच्या जिवावर आहेत असं म्हटलं तर वावगं ठरू नये.

तरीही हा रूळ फक्त वाहून नेतो. बाकी सगळं हातानेच. हिवाळ्यात छाटणी, मग वसंतात बांधणी. कालमोंटवर तारांचा मांडव नसतो. प्रत्येक वेलीला स्वतःचा एक उंच खुंटा. छाटणीत ठेवलेल्या काड्या दोन बाजूंनी वाकवून, टोकं खाली आणून खुंट्याला बांधतात. हवेत ओल असेल तेव्हाच हे काम करतात, कारण कोरड्या काड्या कटकन मोडतात. मी गेलो तेव्हा वरच्या पट्टीत हेच चाललं होतं. एक माणूस एका गुडघ्यावर टेकून काडी वाकवत होता, दुसऱ्या हाताने आपला तोल धरत होता. काडी पुरती वाकेपर्यंत तिच्यावरची पकड तो ढिली करत नव्हता. खुंट्याभोवती चारी बाजूंनी फिरता यावं, उतारावर आडवं चालता यावं म्हणूनच ही जुनी पद्धत टिकली आहे. तारांच्या रांगा असत्या तर या चढावर वाटच उरली नसती.

आणि मग गडगे. उतार पट्ट्यांमध्ये धरून ठेवणाऱ्या या दगडी भिंती चुन्याशिवाय, सिमेंटशिवाय रचलेल्या असतात. डोंगरातलं पाणी फटींतून झिरपून बाहेर यावं, आतून दाब येऊ नये, म्हणून त्या कोरड्याच हव्यात. हिवाळ्यात पाणी गोठून दगड ढकलतं, भिंतीला पोट येतं आणि एखाद्या पावसात ती कोसळते. ती पुन्हा रचायला दगडाची पारख असलेला माणूस लागतो, यंत्र नाही. कालमोंटचं खरं भांडवल वेलींपेक्षा या भिंती आहेत, असं मला ठामपणे वाटतं. वेल नवी लावता येते.

भिंतींना आणखी एक भाडेकरू आहे. फटींमध्ये पांढरी सेडम नावाची मांसल पानांची लहान वनस्पती वाढते आणि तिच्यावर अपोलो नावाच्या फुलपाखराच्या अळ्या पोसतात. पांढऱ्या पंखांवर लाल ठिपके असलेलं हे फुलपाखरू. त्याची मोझेलची उपजात ब्रेमपासून कोब्लेन्त्सपर्यंतच्या या उतारांवरच सापडते, जगात दुसरीकडे नाही. मळे राहिले तर ऊन राहतं, ऊन राहिलं तर ही वनस्पती राहते. मळे ओस पडून झुडपं वाढली की सावलीत सगळं संपतं. म्हणजे शेती हवी. पण भुरी आणि केवडा या रोगांवर फवारणी केल्याशिवाय रीसलिंग टिकत नाही, आणि या उतारावर फवारणी अनेक वर्षं हेलिकॉप्टरने होत आली. गेल्या काही वर्षांत अपोलोची संख्या चिंताजनक घटली आहे. हवेतून पडणाऱ्या औषधांवर अभ्यासकांचा संशय आहे. युरोपीय महासंघात हवाई फवारणीला मुळात बंदी आहे, तीव्र उतारांना सूट मिळते, आणि ती सूट दर काही काळाने वादात येते. आता ड्रोन आले आहेत. ते नेमक्या जागी, वेलींच्या जवळून फवारतात. पण त्यांची टाकी लहान, आणि परवाने व नियम त्यांच्याही मागे आहेत.

हेलिकॉप्टरचा प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तो एकट्या शेतकऱ्याचा नाही. उड्डाणाचा खर्च सगळ्या मळेवाल्यांत वाटला जातो. त्यातला एक म्हातारा झाला, मुलं कोब्लेन्त्सला नोकरीला गेली, त्याने तुकडा सोडला, की उरलेल्यांचा वाटा वाढतो. सोडलेल्या तुकड्यात काटेरी झुडपं, रानवेली माजतात, न फवारलेल्या वेलींवरचा रोग शेजारच्या पट्टीत येतो, रानडुकरं वस्ती करतात. पडीक पट्टीची भिंत कोसळली तर मलबा खालच्या मळ्यात येतो. मग खालचा माणूसही हिशेब करू लागतो.

आणि हिशेब जुळत नाही. तीव्र उताराच्या मळ्यात हेक्टरी वर्षाला दीड हजार तास राबावं लागतं, कधी त्याहूनही जास्त. यंत्र फिरवता येणाऱ्या सपाट मळ्यात त्याच्या काही अंशानेच भागतं. तोडणीला पोलंडहून, रुमानियाहून माणसं येतात, पण त्यांनाही जर्मनीची किमान मजुरी द्यावी लागते आणि ती द्यायलाच हवी. याउलट बाजारात मोझेलची सुटी वाइन अनेकदा उत्पादनखर्चही न निघणाऱ्या भावाने जाते. जर्मनीत वाइन पिणंच कमी होत चाललं आहे. अमेरिका हे या वाइनचं मोठं गिऱ्हाईक, तिथे आयातकर लागला की फटका सरळ गावात पोचतो. मोझेल प्रदेशाचं एकूण द्राक्षक्षेत्र गेल्या काही दशकांत हजारो हेक्टरने घटलं. सर्वांत आधी सुटले ते सर्वांत उभे मळे.

उन्हाळा तापतो आहे हे इथल्या लोकांना एकेकाळी वरदान वाटलं. पूर्वी नोव्हेंबरात रेंगाळणारी तोडणी आता सप्टेंबरात सुरू होते, कच्ची राहिलेली रीसलिंग जवळजवळ विसरली गेली. पण तापलेल्या पाटीदगडावर घड भाजतात, उथळ मातीतलं पाणी जुलैतच संपतं, आणि कोंब लवकर फुटल्याने एप्रिलमधला गारठा त्यांना गाठतो. २०२४ च्या एप्रिलअखेरीस अशा थंडीने मोझेल खोऱ्यातल्या, विशेषतः झार आणि रूवर उपनद्यांकाठच्या मळ्यांचं मोठं नुकसान केलं.

जे टिकून आहेत ते स्वतःची वाइन स्वतः बाटलीत भरून स्वतःच्या नावावर विकतात. कायद्याने वर्षातले चार महिने आपल्या अंगणात फांदी लटकवून चाळीसपर्यंत पाहुण्यांना आपलीच वाइन आणि साधं जेवण देता येतं. कड्याच्या वाटेने दमून उतरलेले प्रवासी तिथे बसतात, आणि तो डोंगर चढून आलेल्या माणसाला बाटलीचा भाव जास्त वाटत नाही. कोखेमच्या भागात ओस पडलेल्या तुकड्यांवर लाल गराच्या ‘मळ्यातल्या पीच’ जातीची झाडंही लावतात. सरकार तीव्र उतारांसाठी अनुदान देतं. कालमोंटवरही पडीक पट्ट्या साफ करून, गडगे पुन्हा रचून नवी रीसलिंग लावण्याचं काम गेल्या काही दशकांत झालं आहे.

तशी लावणी करणाऱ्याने आधी भिंतीत पैसे घालायचे, मग रुळात, मग रोपांत, आणि पहिलं खरं पीक तिसऱ्या वर्षी. त्यानंतर ती वेल पन्नास वर्षं फळ देऊ शकते. पन्नास वर्षं दर हिवाळ्यात त्या खुंट्यापाशी गुडघा टेकणारं कुणीतरी ब्रेममध्ये राहायला हवं, आणि तिशीतल्या माणसाला आज बँकेच्या कर्जाच्या कागदावर सही करताना या एकाच गोष्टीची हमी कुणी देत नाही.